भिंतीतलं भोक आणि भूकंपाची सबब

चिमण्यांसाठी घर बांधतानाच भिंतीत जागा ठेवावी, एवढं एक वाक्य लोहारा-उमरग्याच्या बाजूला बोलून पाहा. समोरचा माणूस हसत नाही, चिडतही नाही. तो फक्त म्हणतो, "त्र्याण्णव विसरलात काय?" तिथं विषय संपतो. निदान संपला असं त्याला वाटतं, कारण या प्रश्नापुढे बोलणं म्हणजे गेलेल्यांचा अपमान, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे.

मला या प्रश्नापुढेच बोलायचं आहे. धाराशिव जिल्ह्यात भिंतीतल्या भोकाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला एवढा एकच आक्षेप भारी आहे. बाकीचे किरकोळ आहेत, त्यांचा समाचार नंतर घेऊ.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारीपासून सास्तूर, होळी, राजेगावपर्यंत गावंच्या गावं बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली बहुतेक स्वतःच्या घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली गेली. त्यामुळे भिंत या गोष्टीची इथल्या माणसाला वाटणारी भीती खरी आहे, तिची चेष्टा करण्याची माझी हिंमत नाही. पण भीती खरी असली म्हणजे तिच्या नावावर खपवलेलं प्रत्येक कारण खरं होत नाही.

ती भिंत कशी होती ते आठवा. बाहेरून तासलेल्या दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधे खडीमातीची भर. जाडी दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत. चुना-सिमेंटचा पत्ता नाही, दगड मातीत बसवलेले. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड एकतर नव्हतेच, किंवा असले तरी नावापुरते. वर माळवद. तुळया, सर, त्यावर किलचण आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. पावसाळ्याआधी गळती बंद व्हावी म्हणून माळवदावर मातीचा नवा थर पडायचा, जुना कोणी काढायचा नाही. आज्याच्या काळातलं ओझं नातवाच्या डोक्यावर. जमीन आडवी हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, भिंत पोटातून फुगली आणि फुटली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब नि तुळयांचा सांगाडा उभाच राहिला होता आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या. भिंत का पडली याचं उत्तर त्या चित्रात आहे. देवळी-कोनाड्यांमुळे किंवा चिमणीच्या भोकामुळे ती पडली नाही. तिचे दोन पदर एकत्र धरणारं काही नव्हतं आणि वर मणामणाची माती होती, म्हणून पडली.

भूकंपातून उभ्या उरलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीसाठी तज्ज्ञांनी काय सांगितलं? माळवदावरची माती कमी करा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे आधार द्या. दगडी भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे घाला. घराला चहूबाजूंनी पट्टा बांधा. दार-खिडक्यांबद्दलही सांगितलं: त्या कोपऱ्यापासून लांब ठेवा, एकमेकींच्या फार जवळ आणू नका, फार मोठ्या करू नका. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक ४३२६ याच धाटणीच्या गोष्टी सांगतं. भिंतीत उघडी जागाच नको, असं कुठलंही मानक म्हणत नाही. म्हटलं असतं तर आपण दाराविना घरात राहिलो असतो.

आता मिस्त्री काय करतो ते बघा. नऊ इंची विटेची भिंत डोक्याच्या वर गेली की परांची लागते. परांचीचे आडवे बांबू टेकवायला मिस्त्री स्वतःच भिंतीत ठरावीक अंतरावर अर्ध्या विटेएवढी भोकं सोडत जातो. काम झाल्यावर ती बुजवतो, किंवा मागच्या बाजूला असतील तर बुजवायचं विसरतो. या भोकांनी घर पडतं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पुढे वायरमन येतो आणि ग्राइंडरने भिंतीला उभ्या-आडव्या झिऱ्या मारतो. आडवी झिरी चांगल्या भिंतीलाही कमजोर करते, हे कुठलाही अभियंता सांगेल, पण तिथं त्र्याण्णव कोणाला आठवत नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनसाठी फूटभराचा चौकोन फोडतात, एसीच्या नळीसाठी भोक पाडतात, डिशच्या वायरसाठी खिडकीची चौकट कोरतात. पाहुण्यांना दाखवायला भिंतीतलं कपाट हवं म्हणून अर्धी भिंत पोखरतात. या सगळ्याला 'सोय' म्हणायचं आणि चिमणीसाठीच्या पाच इंचांच्या पोकळीला 'धोका' म्हणायचं! भूकंपाची आठवण अशी सोयीनुसार जागी होत असेल, तर ती आठवण उरली नाही, सबब झाली.

ज्यांना खरंच भूकंपाची काळजी आहे त्यांच्यासाठी जागाही सांगतो. कॉलम-बीमचं घर असेल तर दोन कॉलमांमधली विटांची भिंत भार घेत नाही. तिथे बीमच्या खाली, कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सोडून पोकळी ठेवा. भिंतीवर भार असेल तर लिंटेलच्या पट्ट्याला हात न लावता, पट्ट्याच्या वर आणि कोपऱ्यापासून लांब ठेवा. एका भिंतीत दोन-तीनच्या वर ठेवू नका. मनात धाकधूक असेल तर घराच्या मुख्य भिंतीला हात न लावता जिन्याच्या खोलीच्या भिंतीत ठेवा. याउपर कोणी त्र्याण्णवचं नाव घेणार असेल, तर त्याने आधी आपल्या घरातल्या झिऱ्या मोजून दाखवाव्यात.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. हे माझ्या बाजूचे म्हणवतात आणि म्हणूनच जास्त त्रास देतात. त्यांचं म्हणणं असं: आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होते, त्यांनी पाखरांसाठी भिंतीत घरं ठेवली, सिमेंटने सगळा घात केला. ऐकायला गोड आहे. पण माळवदाच्या घरात राहिलेल्या कोणालाही विचारा. किलचणातून खाली पडणारी काडी, भाकरीच्या दुरडीवर पडणारी घाण आणि पिल्लांचा किलबिलाट यांवरून घरातल्या बायका चिमण्यांवर खेकसायच्या. माळवदातलं सानं उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं असे, चिमणीच्या वाटेसाठी नव्हे. देवळी दिव्यासाठी असे. दगडांच्या सांध्यातली माती पावसाने धुऊन जायची, तिथे फट राहायची आणि त्या फटीत चिमणी शिरायची. पाखरांना जागा मिळाली ती आपल्या गैरसोयीतून आणि ओबडधोबड कामातून. दया म्हणाल तर ज्वारीची कणसं ओसरीला टांगण्यात होती, ते नाकारत नाही. भिंतीतलं घर मात्र फुकटात आणि नकळत दिलं गेलं होतं.

ही गोष्ट कबूल केली तरच पुढचा मुद्दा कळतो. फट आता राहत नाही. गिलावा गुळगुळीत होतो, स्लॅब भिंतीला चिकटून येतो, पीओपी छताची उरलीसुरली कड झाकतं. ही घरं वाईट नाहीत, त्यांनी माणसं वाचवली आहेत. पुन्हा मातीच्या भिंती बांधा असं म्हणणाऱ्याला मी सास्तूरच्या चौकात उभं करीन. पण जे आजवर चुकून मिळत होतं ते काम चोख झाल्यावर बंद होणारच. ते पुढे चालू राहावं असं वाटत असेल तर आता ठरवून द्यावं लागेल, नकाशात दाखवून, मिस्त्रीला सांगून. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, त्यात भाबडेपणाचा भाग नाही.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनातच हे करता आलं असतं. जागतिक बँकेच्या कर्जावर नवी गावं वसली, जमीन किती त्यावर २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरली. रस्ते रुंद झाले. गोठा, बळद, वैरण यांना त्या नकाशांत जागा नव्हती, त्याबद्दल गावकरी तेव्हाच बोलत होते. गाईला जागा नाही तिथे चिमणीचं कोण काढतो? घाई होती, थंडी तोंडावर होती, माणसं पत्र्याखाली होती, त्यामुळे तेव्हाच्यांना दोष देत नाही. आज मात्र ती घाई नाही. घरकुल योजनेतून गावोगाव पंचवीस चौरस मीटरची घरं उठताहेत, सपाट भागात घरामागे एक लाख वीस हजारांचं मूळ अनुदान आहे. नकाशा छापील असतो आणि एकदा बदलला तर हजारो भिंतींत बदलतो. अशी संधी आपण एखाद्या पोस्टरवर 'चिमणी वाचवा' लिहून घालवतो.

पोस्टरवरून आठवलं. दर २० मार्चला चिमणी दिवस येतो. २०१० पासून तो साजरा होतो आणि नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीचा त्यात मोठा वाटा आहे, त्या कामाबद्दल आदरच आहे. पण आपल्याकडे त्याचं जे झालंय ते बघवत नाही. शाळेत प्लायची, पुठ्ठ्याची, क्वचित पत्र्याचीही खोकी वाटतात. फोटो निघतो. खोकं गच्चीच्या कठड्याला तारेने बांधतात, बहुतेक वेळा पश्चिमेला, कारण फोटोला उजेड तिकडून चांगला येतो. नंतर एप्रिल-मे येतो. पारा चाळिशीच्या वर, आणि पातळ फळीच्या आत अंगावर पिसं न फुटलेली पिल्लं. नऊ इंची भिंत उन्हाला जो विरोध करते तो पाच मिलिमीटरच्या प्लायला जमत नाही. शिवाय तार गंजते, वाऱ्याने खोकं हिंदकळतं, दुसऱ्या वर्षी ते खालच्या कचऱ्यात असतं. भिंतीतली जागा घर उभं आहे तोवर राहते. खोक्याची कल्पना भाड्याच्या घरासाठी, झालेल्या बांधकामासाठी ठीक आहे. नवं घर बांधणाऱ्याने खोकं टांगणं म्हणजे आळस.

"पाखरांना झाडं आहेत, येडशीचं रामलिंग अभयारण्य आहे, घरात कशाला?" हे सुशिक्षितांचं आवडतं वाक्य. अभयारण्य बावीस चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा अभिमान असावाच. पण चिमणी जंगलात राहत नाही, ती माणसाजवळच राहते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात माणसाळलेल्या चिमणीची तुलना तिच्या मध्य आशियातल्या रानटी भावंडांशी केली गेली. शेती सुरू झाल्याच्या सुमारास, साधारण अकरा हजार वर्षांपूर्वी, आपली चिमणी त्यांच्यापासून वेगळी झाली. कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकांत तिच्यात बदल दिसले. म्हणजे तिने आपलं धान्य खायला शिकून आपल्याशी संसार थाटला आहे. तिला 'रानात जा' सांगणं म्हणजे गावातल्या कुंभाराला 'समुद्रावर जाऊन मासे धर' म्हणण्यासारखं आहे.

कोणी म्हणतं, हे विलायती खूळ आहे. इंग्लंडात पाकोळ्यांसाठी पोकळ वीट निघाली आहे, ती नव्या घरांत सक्तीची व्हावी म्हणून लाखावर सह्या झाल्या, जुलै २०२३ मध्ये संसदेत चर्चा झाली. ब्रायटन शहराने २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींना अशी अट घातली. तेवढ्यावरून ते 'त्यांचं' होत नाही. इस्तंबूलच्या उस्मानी मशिदींच्या भिंतींवर दगडात कोरलेले पाखरांचे छोटे महाल आहेत, कमानी-सज्जांसकट. इटलीत तर पाकोळ्यांसाठी भोकं ठेवलेले मनोरेच बांधत, पण तिथला हेतू पिल्लं काढून खाण्याचा होता. भिंतीत पाखराला जागा ठेवण्यामागे माणसाचे हेतू नाना तऱ्हेचे होते, मक्ता कोणाचाच नाही. उलट विलायती वीट जशीच्या तशी आणू नका, असं मीच म्हणेन. त्यांची पाकोळी फटीत शिरून घरटं करते. आपली छोटी पाकोळी जुन्या कमानींखाली, पुलांखाली पिसं आणि थुंकी लिंपून बाहेरच घरट्यांची वस्ती करते. तिला पोकळ विटेचं काय कौतुक? तिची घरटी रंगकामात बांबूने पाडू नका, एवढंच तिचं मागणं आहे. भिंतीतलं भोक मुख्यतः चिमणीसाठी.

भोक ठेवलं की कबुतरं शिरतील, ही भीती २०२५ नंतर वाढली. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो गदारोळ झाला, न्यायालयापर्यंत गेला, त्यातून विष्ठेमुळे होणारे फुप्फुसाचे आजार घरोघर माहीत झाले. ते आजार खरे आहेत. पण चिमणीला पुरणाऱ्या सव्वा इंचाच्या भोकातून पारवा आत जात नाही, त्याचं डोकं गेलं तरी खांदा अडतो. साळुंकीही अडते. पारव्याला हवी असते सपाट कड, म्हणजे एसीचा कट्टा, डक्ट, उघडी गॅलरी. ती सगळी आपणच पुरवतो आणि वर जाळ्या लावायला पैसे देतो.

गावाकडचा प्रश्न वेगळा असतो. मिस्त्री विचारतो, "भिताडात भोक ठिवलं की त्यात जनावर यील, त्याचं काय वो?" जनावर म्हणजे साप. हा प्रश्न मला शहरी आक्षेपांपेक्षा जास्त पटतो, कारण विचारणाऱ्याने साप पाहिलेला असतो. साप येतो तो उंदरामागे आणि पिल्लांमागे, आणि चढतो ते खडबडीत भिंतीवरून, वेलीवरून, टेकलेल्या शिडीवरून. भोक दहा फुटांच्या वर, खाली गुळगुळीत गिलावा, जवळ झाड-वेल नाही, आणि पोकळी आतून पूर्ण बंद. म्हणजे अगदी काही शिरलंच तरी घरात येणार नाही. जुन्या दगडी भिंतीत जमिनीपासून छपरापर्यंत जेवढ्या फटी होत्या, त्यांच्याशी याची तुलनाच नको.

आता जे मला स्वतःला खटकतं ते. चिमणी नामशेष होत चालली आहे हा जो कंठशोष चालतो, तो आकड्यांवर टिकत नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालाने देशभरात चिमणी एकूणात स्थिर असल्याचं म्हटलं, घट दिसली ती मोठ्या शहरांत. मोबाइल टॉवरच्या लहरींचा जो धसका आपण घेतलाय त्याला पुरावा नाही, असंही त्याच अहवालात आहे. मग कशाला हा खटाटोप, असं कोणी विचारील. माझं उत्तर असं की संख्या बरी आहे म्हणूनच. पाखरू मरायला टेकल्यावर आपल्याला पाझर फुटतो तेव्हा काय होतं ते शेजारच्या नान्नजला दिसलंच. माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. चिमणीला एवढा कागद नको आहे, तिला आत्ता, ती असतानाच, भिंतीत एक भोकाचा फरशीचा तुकडा हवा आहे. आणि ती सध्या राहते कुठे? दुकानाच्या शटरच्या पेटीत, मीटरच्या डब्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, पंख्याच्या वाटीत. पंख्याच्या वाटीत काड्या जमल्या की घरातली पोरं पंखा लावू देत नाहीत, बाप दुपारी घामाघूम होऊन लावतो, आणि पुढचं सांगायची गरज नाही.

एक गोष्ट भिंतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करावी. पिल्लाला पहिले काही दिवस दाणा चालत नाही, अळ्या-किडे लागतात. खरिपात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आणि त्यावर फवारणीमागून फवारणी असेल, तर भिंतीतलं घर रिकामं राहू शकतं. जिथे परसात शेवगा आहे, उकिरडा आहे, बांधावर बोरी-बाभळी उरल्या आहेत, तिथे ते लवकर भरेल. भोक म्हणजे सगळं संवर्धन नव्हे. पण सोयाबीनचा प्रश्न सुटेपर्यंत भिंत थांबवणं हा प्रश्न टाळण्याचा जुना मार्ग आहे. शेत दर हंगामाला बदलता येतं, भिंत एकदा बांधली की पन्नास वर्षं तशीच.

करायचं कसं, तर नऊ इंची भिंतीत एवढंच: आतल्या बाजूला वीट धारेवर उभी लावायची, म्हणजे तीन इंच झाले. मधे पाच इंच पोकळी. बाहेरच्या अंगाला एक इंच जाडीची शहाबादी फरशीची चकती, तिला वरच्या भागात सव्वा इंचाचं भोक. पोकळीची रुंदी-उंची सहा-सहा इंच, तळाला किंचित बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. आतून गिलावा करू नये, खडबडीत पृष्ठभागावर पिल्लांना पाय रोवता येतात. भोकाखाली बसायला दांडी लावू नये, ती कावळ्याला सोयीची पडते. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, छज्ज्याच्या सावलीत. चिमण्यांना शेजार आवडतो म्हणून दोन-तीन एका ओळीत, मधे दोन फूट सोडून. चार इंची ब्लॉकच्या भिंतीत हे जमत नाही, तिथे बीमच्या खाली बाहेर काढलेल्या छोट्या पेटीचा विचार करावा.

शेवटी एक अडचण, जी एकाही आक्षेपात येत नाही आणि प्रत्यक्षात सगळं तिथेच बिघडतं. वीटकाम करणारा मिस्त्री वेगळा, गिलावा करणारा वेगळा. दुसऱ्याला कोणी काही सांगितलेलं नसतं आणि समोर भोक दिसलं की बुजवायचं हा त्याचा धर्म. तेव्हा गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भोकात चिंधीचा बोळा कोंबून ठेवायचा, भोवती खडूने फुली मारायची, आणि रंगाचा शेवटचा हात झाला की परांची उतरवण्याआधी बोळे काढून घ्यायचे.